थर्सडे मार्केटची दुसरी बाजू

रविराजच्या चेहऱ्यात एक खोट होती. मनात असेल ते सगळं तिथं दिसायचं. शिरूरच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना याने काही बिघडत नसे, कारण शिकवताना त्याच्या मनात काहीच नसे. बिघडायचं ते रविवारी, दौंडला, शेखलालच्या स्टेशनाजवळच्या भंगाराच्या दुकानात जुन्या रेकॉर्डी चाळताना. मागणी वाढली की किंमत वाढते, हा नियम तो आठवडाभर मुलांना सांगायचा आणि रविवारी स्वतःच्या पैशाने सिद्ध करून यायचा.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. कधीकाळी इथल्या रेल्वेच्या बंगल्यांत राहणारी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड मंडळी शनिवारी रात्री नाचायची, आणि नाचायला रेकॉर्डी लागायच्या. पुढे ती मंडळी ऑस्ट्रेलियाला गेली, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून शेखलालकडे आल्या. पूर्वी त्या किलोवर मिळत. मग शेखलालच्या हातात मोबाइल आला. आता तो कव्हरचा फोटो काढतो, नेटवर भाव बघतो आणि गिऱ्हाइकाला तो लंडनचा भाव दौंडात सांगतो. लोकगीतांच्या रेकॉर्डी मात्र अजून स्वस्त होत्या. गोंधळ, भारुडं, जात्यावरच्या ओव्या. लंडनला त्यांचं कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे दौंडालाही त्यांची किंमत नव्हती. रविराजने त्या पोत्यानं आणल्या होत्या.

पण त्याला हवी होती ती एकच रेकॉर्ड. 'द थर्सडे मार्केट' नावाचा एक इंग्लिश बँड होता. तिकडच्या खेड्यातली शेतकऱ्यांची गाणी तो विजेच्या गिटारीवर वाजवायचा. एकच रेकॉर्ड काढून बँड मोडला. बहुतेक सुगी आली असावी. पुण्यात होस्टेलला असताना रविराजला तिची कॅसेट मिळाली होती. पहिली बाजू पूर्ण होती. दुसऱ्या बाजूवर, ज्याची कॅसेट होती त्या मित्राच्या वडिलांनी एका सोसायटीच्या वार्षिक सभेतलं आपलं भाषण टेप केलं होतं. त्यामुळे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं जिथे माणसाला उचलून ढगात नेऊन ठेवायचं, तिथून पुढे 'मान्यवर सभासद बंधूंनो' सुरू व्हायचं. ते भाषण रविराजला पाठ होतं. दुसऱ्या बाजूची गाणी त्याने जन्मात ऐकली नव्हती. नेटवरही ती नव्हती. पहिल्या बाजूतली दोन होती, तीही कुणीतरी मासे पकडण्याच्या व्हिडिओमागे लावलेली.

आणि गेल्या रविवारी ती रेकॉर्ड शेखलालच्या ढिगात दिसली. रविराज तिला हात न लावता पळून आला. हात लावला असता तर शेखलालने त्याचा चेहरा बघितला असता.

"तुमच्या भिमाजीमामांना न्या की," अनुपमाने सुचवलं. मामा तिचे होते, पण कामाच्या वेळी ती त्यांना नवऱ्याच्या नावावर करायची. "आयुष्यभर बैल घेतले-विकले त्यांनी. कुठल्या बैलाला त्यांनी चांगलं म्हटलेलं ऐकलंय?"

ऐकलं नव्हतं. भिमाजीमामा न्हावऱ्याचे. काष्टीच्या बाजारात त्यांचा दबदबा होता. चांगल्या बैलासमोर उभे राहून ते असा चेहरा करायचे की बैलालाही स्वतःविषयी शंका यायची.

रविवारी रविराजने त्यांना न्हावऱ्याच्या चौकातून गाडीवर घेतलं. वाटेत सगळं समजावलं.

"म्हंजी वस्तू आपल्याला पायजे, पण नको दिसली पायजे," मामा मागून म्हणाले.

"हां."

"आन् काळी तबकडी हाय."

"हां, पण आतली. वर पुठ्ठ्याचं कव्हर असतं."

"तुमी गप ऱ्हावा जावईबापू. शक्यतो भिताडाकडं तोंड करा."

दुकानात शिरल्यावर रविराज ठरल्याप्रमाणे भिंतीकडे तोंड करून गोंधळाच्या रेकॉर्डी बघू लागला. मामांनी ढीग उपसला, वाटेत सांगितलेल्या खुणेवरून हवी ती रेकॉर्ड ओळखून मागच्या बाजूने वर धरली आणि नाक मुरडलं.

"भिजल्याली दिसती. वास मारतोय. कोपरा चेपलाय. हे जाळायला तरी घेत्याल का कुणी?"

"मामा, विलायती माल हाये," शेखलाल म्हणाला. तो पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने आधीच नेटवर शोधलं होतं आणि नेटवर या रेकॉर्डला भावच नव्हता. अशी वस्तू एकतर कचरा असते, नाहीतर सोनं. ते गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ठरवावं लागतं, आणि मामांच्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"विलायतेत बी कचरा असतोच की," मामा म्हणाले. आणि त्यांनी रेकॉर्ड सुलट केली.

पुढच्या बाजूवर चिखलातल्या बाजारात उभा असलेला एक बैल होता. तांबडा, आखूड पायांचा, मान कपाटाएवढी. मामा बोलायचे थांबले. भिंतीकडे तोंड केलेल्या रविराजला ती शांतता पाठीवर जाणवली.

"वशिंड न्हाई ह्येला," मामा हळूच म्हणाले.

"तिकडं नसतंच, मामा."

"पण छाती बघा. आन् पुठ्ठा. काय पुठ्ठा हाय राव. असा पुठ्ठा म्या बघितला न्हाई."

रविराजने भिंतीवर कपाळ टेकवलं. सगळ्या काष्टीच्या बाजारात ज्या माणसाने चांगल्याला कधी चांगलं म्हटलं नाही, त्याने म्हटलं होतं, आणि एका फोटोला.

शेखलालचे डोळे बारीक झाले. "पुठ्ठा तर आवडला. घेणार का मग?"

"द्या रुमाल," मामा म्हणाले.

शेखलालचा बाप शेळ्यांचा व्यापारी होता. त्याला रुमाल सांगावा लागला नाही. दोघांचे हात कापडाखाली गेले, बोटं बोटांना भेटली आणि बोटांवरच भाव सुरू झाला. दोघं एकमेकांकडे न बघता फलाटाच्या दिशेने बघत राहिले, जणू कुणाची तरी गाडी यायची आहे. एकदा मामांनी मान हलवली. एकदा शेखलाल 'अल्ला' म्हणाला. मग हात बाहेर आले.

"झाला सौदा," मामा म्हणाले आणि बंडीतून पैसे काढून दिले.

शेखलालने ते मोजले नाहीत. त्याने कव्हर घेतलं, आतली तबकडी अलगद बाहेर काढून आपल्या मागच्या फळीवर ठेवली आणि रिकामं कव्हर मामांच्या हातात दिलं.

रविराज भिंतीपासून वळला. "आणि तबकडी?"

"सौदा पुठ्ठ्याचा झाला, सर."

"पुठ्ठा म्हणजे मामा बैलाचा पुठ्ठा म्हणत होते. मागचा. ढुंगणाकडचा."

"मी कागदाचाच ऐकला. मामा, तुम्हीच सांगा, काय बोललात?"

मामांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना वर्ज्य नव्हतं, पण रुमाल निघाल्यानंतर होतं. "म्या पुठ्ठाच बोललो," ते म्हणाले.

"आणि बैल विकला तरी दावं मालकाकडंच राहतं," शेखलालने वर जोडलं. "बाजाराची रीत हाये. बैल तुमचा, दावं माझं. सर, तुम्हाला दावं पाहिजे असेल तर त्याचं वेगळं बोलू." एवढं बोलून त्याने रविराजच्या चेहऱ्याकडे निवांत बघितलं. तिथे सगळं लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरांत.

रविराज खिशात हात घालणार तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा जावईबापू. दावं इकत न्हाईत."

"काय?"

"दावं घरात ठिवायचं असतं, म्हून तर द्यायचं नसतं. दावं इकलं की बरकत गेली. शेखलालभाई, तुमच्या बापानं इकलं व्हतं का कवा?"

शेखलालने फळीवरच्या तबकडीकडे बघितलं. बापाने विकलं नव्हतं.

आता हिशेब असा होता. मामांकडे बैल होता. शेखलालकडे अशी वस्तू होती जी त्यानेच आत्ता विकण्यापलीकडे नेऊन ठेवली होती. आणि रविराजकडे गोंधळाच्या तीन रेकॉर्डी होत्या. बाहेरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेचनात.

"मला एकदा ऐकू तरी द्या," रविराज शेवटी म्हणाला. "दुसरी बाजू. फक्त दुसरी."

"दावं बघायला कुणाची ना हाये?" शेखलाल जरा शरमून म्हणाला.

माल तपासायला त्याच्याकडे एक जुना प्लेअर होता. त्याने तबकडी शर्टाच्या बाहीने पुसली, उलटी करून ठेवली, सुई टेकवली. आधी नुसती खरखर. रविराज प्लेअरवर वाकला. त्याला अजूनही सभासद बंधूंची भीती वाटत होती. मग लांबून घंटा वाजली, बैलाच्या गळ्यातली असते तशी. तिच्या तालात ढोल आला, ढोलामागून गिटार, आणि एक बाई तिकडच्या कुठल्याशा खेड्याच्या भाषेत अशी गाऊ लागली, जणू पोती उचलता उचलता गात असावी.

"घंटा न्हवं, घाटी हाय ही," मामा म्हणाले. "पितळंची."

तिसऱ्या गाण्यात सुई अडकून तेच ते म्हणू लागली. शेखलालने तिच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं, तशी ती पुढे सरकली. गाणी सगळीच काही ढगात नेणारी नव्हती. एक तर उघड उघड जागा भरायला होतं. रविराजला तेही आवडलं. बाजू संपली तेव्हा मामा उपड्या टोपलीवर बसले होते, आणि शेखलालने दोन गिऱ्हाइकांना हातानेच थांबवून ठेवलं होतं.

"परत लावा," मामा म्हणाले.

तेव्हापासून हे दर रविवारी चाललं आहे. तबकडी शेखलालच्या फळीवर असते. ती विकता येत नाही आणि फेकून देववत नाही. रविराज न्हावऱ्याहून मामांना घेतो, दौंडला जातो, दुसरी बाजू ऐकतो आणि हात हलवत परत येतो. मामांनी बैल फ्रेम करून गोठ्यात लावलाय. म्हणतात, जनावरांना शिस्त लागते.

अनुपमा पहिले दोन रविवार खूश होती. नवरा काही न घेता घरी आलेला तिने प्रथमच पाहिला होता. तिसऱ्या रविवारी तिला संशय आला. दौंडहून माणूस रिकाम्या हाताने येतो आणि तरी हसतो, हे तिला पटेना. चौथ्या रविवारी ती बरोबर निघाली. गाडीवर तिघं मावेनात, म्हणून मामा एसटीने आले.

तिने पूर्ण बाजू ऐकली. शेखलालने चहा मागवला. नाणं ठेवायच्या जागी त्याने नाणं ठेवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "आता पहिली लावा ना."

"पहिली कशाला?" रविराज म्हणाला. "ती आपल्याकडे आहे की. कॅसेटवर."

"आपल्याकडे आहे म्हणून तर मी कधी ऐकली नाही," अनुपमा म्हणाली.

शेखलालने तबकडी उलटी केली.