अर्ज वामनरावांचाच

पिनकोडची हद्द कोणत्याच कागदावर आखलेली नसते, बाप्पा! पोस्टमन जिथवर डाक टाकते, तिथवर तो पिन. जनगणनेचे आकडे पिननुसार मांडायचे, तर कोणता मोहल्ला कोणत्या पिनात, हे नकाशावर मी आखून राहिली होती, कंत्राटावर.

आमची कोष्ट्यांची वस्ती अन् बाजूचा वामनरावचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली बंगल्यांची कॉलनी, एकाच पिनात. त्याच्या बंगल्यांनी आमचा नळांचा आकडा फुगे. 'अर्ध्यावर घरांत नळ आहे, पाइपलाइन काहून पाहिजे?' असं नगरपालिकेचं उत्तर दर वेळी. एका उन्हाळ्यात माही माय वच्छलाबाई त्याच्या बोअरवर गेली, तर त्यानं चारचौघांत हाकलून दिलं. माय दोन दिवस जेवली नाही. तवापासून माह्या डोक्यात आग होती.

अन् पाहा, तोच वामनराव संत्राबर्फी घेऊन माह्या टेबलापुढं!

"पुष्पलता बेटा, आमाले त्या वस्तीच्या पिनातून काढ वं. प्लॉटचे भाव पडून राहिले."

लेआउटात अर्धी डाक इकडच्या पोस्टातून, अर्धी तिकडच्या. असं असलं की रहिवाशांचा अर्ज चालते.

"लेखी द्या काका," मी म्हटलं.

लेआउटच्या आकड्यांत घरोघरी सरकारी नळ होता. साफ खोटं! सारे बोअरवर. गणतीवाल्या बाईपुढं शान मारली होती ना! हा आकडा घेऊन वेगळे निघाले तर पाइपलाइन कधीच भेटणार नाही, हे मले सांगता आलं असतं. नाही सांगितलं. बर्फी वापस केली, अर्ज ठेवून घेतला.

बंगले निघाले, तसा वस्तीचा आकडा धाडकन पडला. पाइपलाइन मंजूर झाली, आमच्या दारापुढं वस्तीचा सार्वजनिक नळ लागला. पुढच्या मे महिन्यात लेआउटचे बोअर आटले. वामनराव धावत आला.

"बेटा, आमाले वापस त्या पिनात टाक."

"काहून? तुमच्याकडं तर घरोघरी नळ आहे काका. अन् अर्ज तुमचाच."

लय बरं वाटलं. खोटं काहून बोलू?

दुसऱ्या दिवशी त्याची बायको शोभाताई बादली घेऊन आमच्या दारात. मी नाही म्हणणारच होती, तर माय मधात पडली.

"पाणी देतो ना. पण तुमाले काहून धाडलं वं? त्याले पाठवा."

तो आला. मान खाली, हातात बादली. वस्तीतल्या तीस बाया पाहून राहिल्या होत्या.

"लाइनीत लागा गा भाऊ," माय म्हणे. "शेवटी."

आमचा नळ एक घंटाच येते. आज कोणत्याच बाईनं घाई केली नाही. त्याचा नंबर आला अन् नळ गेला.

"उद्या या," माय म्हणाली.