दहा वर्षांची झाडी

अर्ज केला तेव्हा झाडी सात वर्षांची होती. साहेब पाहणीला आले तेव्हा दहाची झाली. मधली तीन वर्षं अर्ज कचेरीत होता आणि झाडी जागेवर. दोघांपैकी पुढे सरकली ती झाडीच.

नियम साधा होता. दहा वर्षांच्या आतली झाडी म्हणजे माजलेलं रान. परवानगी घ्या आणि तोडा. दहा भरली की तीच झाडी देशी वनसंपदा, तिला हात लावाल तर दंड. वय धरायचं ते पाहणीच्या दिवशीचं.

अर्जदार बाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. वडिलांनी नावावर केलेल्या या तुकड्यावर दोन खोल्या बांधाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. तोवर मुक्काम बांधापलीकडे भावाकडे, म्हणजे वहिनीच्या राज्यात. तिथे कपाटातला एक कप्पाही मागून घ्यावा लागे.

"शेळ्या शिरल्या असतील ना अधूनमधून?" साहेबांनी आशेने विचारलं. शेळ्यांनी खाल्लेली झाडी नव्याने फुटते आणि वयाने लहान भरते.

"शिरतील कशा? तुमचंच पत्र आलं होतं. निकालाआधी झाडीला इजा झाल्यास अर्ज रद्द. मी कुंपण घातलं."

"उन्हाळ्यात पाणीही घालायची," बांधावरून वहिनी म्हणाली. "घरात कोणाला कधी तांब्याभर विचारलं नाही, पण इथे बादल्या!"

"वाळली असती तर ती इजाच ना, वहिनी?"

साहेब मटकन दगडावर बसले. तीस वर्षांच्या नोकरीत नियम मोडणाऱ्यांशी त्यांचं बरं जमलं होतं. पाळणारे मात्र दमवत.

थोड्या वेळाने त्यांनी उठून नमुन्याचं एक खोड करवतीने बुडाशी कापलं आणि चष्मा वर सारून वलयं मोजू लागले. वर्षाला एक वलय. शेजारी बाईही वाकून मोजत होत्या.

"नऊ," बांधावरून आवाज आला.

"तिथून दिसतायत तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवंय? नऊच आहेत."

"दहा," बाई म्हणाल्या. "सालीजवळचं ते बारीक धरून."

दहाच होती. खोडाची चकती अहवालाला जोडायची असल्यामुळे साहेबांना नऊ म्हणायची सोय नव्हती. वरिष्ठांना बाकी काही येत नसलं तरी दहापर्यंत मोजता येई.

"मग आता?"

"नवा अर्ज. संरक्षित झाडी तोडण्याचा. पाचेक वर्षं धरा."

"म्हणजे मी सत्तरीला टेकणार."

वहिनी बोटांवर काहीतरी मोजू लागली. बहुधा तिने स्वतःच्या वयातही पाच मिळवले असावेत.

साहेब पाहणीचा तक्ता भरू लागले. तपासलेले नमुने: किमान एक. तिथे ते अडले. पान उलटून पाहिलं, तळटीप पाहिली. कमाल कुठेच लिहिलेली नव्हती.

"एका खोडावरून नीट अंदाज येत नाही," ते म्हणाले. "खोल्या नेमक्या कुठे यायच्यात?"

बाईंनी जागा दाखवली, मग घाबरून विचारलं, "हे नियमात बसतं?"

साहेबांनी तक्ता पुढे केला. बाईंनी तो सावकाश, तळटिपेसकट वाचला.

"बसतं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी करवत उचलली. चौथ्या नमुन्याला पाठ भरून आली, सहाव्याला दम लागला. तेवढ्यात वहिनी घरात जाऊन कुऱ्हाड घेऊन आली.

"नमुना करवतीनेच घ्यावा, असं आहे का कुठे लिहिलेलं?"

"नाही."

"मग सरका बाजूला."