दुसरी तपासणी

थोरल्या नातीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी म्हातारा शाळेत जाऊ लागला. वय बहात्तर. लहानपणी त्याने शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता, त्यामुळे शेजारी थट्टा करायचे, की उशिरा का होईना, नाव घातलं एकदाचं. म्हातारा सांगायचा, "थेट चौथीत बसवलंय. हुशार आहे म्हणून."

खरं कारण त्याची लेक. ती चौथीला शिकवायची. तिची तक्रार अशी, की पोरं लिहितात झकास, पण लिहिलेल्याकडे पुन्हा ढुंकून बघत नाहीत. शेवटचा शब्द पडला की वही मिटली आणि पोर मैदानात. बाबांनी अडतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, तर आता दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर तासभर येऊन पोरांना त्यांच्या स्वतःच्या काढायला शिकवावं, असं तिचं म्हणणं.

म्हातारा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. अक्षरओळखही त्याला तिथेच झाली, विसाव्या वर्षी, शिशाच्या खिळ्यांवरून. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून सुलट वाचण्याआधी तो उलटं वाचायला शिकला. सुलट केलं ते म्हातारीने. ती सातवी झालेली. त्याच छापखान्यात ती मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायच्या कामावर होती. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघं. ती वाचणार, स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणणार, आणि तो छापील कागदावर पट्टी सरकवत डोळ्याने ताडून बघणार. पुढे लग्न झालं तरी टेबल तेच राहिलं. तिचा आवाज गोड होता असं कुणी म्हणालं नसतं. थोडा घोगरा, पण शब्द न शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा.

आता तो आवाज बंद होऊन चौदा महिने झाले होते. झटक्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांना समजतं सगळं, तुम्ही बोलत राहा, वाचा यायची असेल तर दोनेक वर्षांत येईल. आता म्हातारा बोलणार काय? जन्मभर त्याने ऐकायचं काम केलेलं. खाटेशेजारी बसून तो हवा कशी आहे ते सांगायचा, मग भाजी कुठली आणली ते, आणि मग त्याचा माल संपायचा. त्याला बोलायचं नव्हतंच मुळी. त्याला तिचा आवाज ऐकायचा होता. नुसतं "अहो" म्हणाली असती तरी त्याचं भागलं असतं.

पहिल्या गुरुवारी त्याने वर्गात विचारलं, की कुणाच्या निबंधात एकही चूक नाही? बत्तीस हात वर झाले. वर्गात पोरं होती बत्तीस.

म्हाताऱ्याने सगळ्यांना जोडीजोडीने बसवलं. "आपलं लिहिलेलं आपण वाचतो ना," तो म्हणाला, "तेव्हा डोळे कागदावर असतात, पण वाचत असतो आपण मनातलं. म्हणून दुसरं माणूस लागतं." मग त्याने रीत घालून दिली. आपली वही शेजाऱ्याने मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. आपण ओळीखाली पट्टी धरून ऐकायचं. कान अडखळला की थांबायचं आणि पेन्सिलीने बारीक खूण करायची. खोडरबराला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

एक मुलगी इतकी भरधाव वाचायची, की तिला वर्गात आगगाडीच म्हणत. तिच्या जोडीदारणीच्या वहीत चूक म्हणून सापडेना. म्हातारा मागे जाऊन उभा राहिला तेव्हा त्याला कळलं, की सुटलेले शब्द ही पोरगी वाचता वाचता आपल्या पदरचे घालतेय. "बाळा, तू फार सुधारून वाचतेस," तो म्हणाला. "कागदावर आहे तेच वाच. चांगलं असो, वाईट असो."

पोरांना हा खेळ भलताच चढला. पंधरा दिवसांत घरोघरून तक्रारी आल्या. एका आईने सांगितलं, की आमचा चिरंजीव जेवताना म्हणतो, मला नको स्वल्पविराम पोट भरलं पूर्णविराम. लेकीने कपाळाला हात लावला.

मग लेकीने निबंध दिला, "आमच्या घरातलं एक माणूस". पोरांनी जोडीजोडीने तपासून झाल्यावर दुसऱ्या तपासणीसाठी वह्यांचा गठ्ठा म्हाताऱ्याने घरी नेला. दुपारी पट्टी काढून बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की समोर वाचणारं कुणी नाही. मग खुर्ची खाटेजवळ ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मोठ्याने वाचायला लागला. आवाज म्हणजे दगडावर पत्रा ओढावा तसा. म्हातारी डोळे मिटून पडली होती. तिसऱ्या वहीत तिच्या डाव्या हाताचं बोट वर झालं. म्हाताऱ्याने पाहिलं तर त्याची एक अख्खी ओळ सुटली होती.

तेव्हापासून दुपारी दोघांचं काम सुरू झालं. तो वाचायचा, ती ऐकायची. जिथे अर्थ लंगडायचा तिथे बोट वर. पोरांना हे कळलं तेव्हा काहींनी मुद्दाम चुका पेरून पाहिल्या. सगळ्या सापडल्या. तेव्हा पोरांनी आजींपुढे हात टेकले.

पण दर दुपारी शेवटची वही मिटली की म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. ओठ जरा हलल्यासारखे वाटायचे. आवाज यायचा नाही.

एका गुरुवारी वर्गातल्या एका पोराने, ज्याला सगळे शंकासुर म्हणत, हात वर केला. "आजोबा, तुम्ही आमचं तपासता. तुमचं कोण तपासणार?"

"माझं काय तपासायचंय? मी कुठे काही लिहिलंय?"

"मग लिहा की."

बत्तीस जणांनी तेच लावून धरलं. म्हाताऱ्याची पंचाईत झाली. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या ओळी सरळ केल्या, स्वतःची अशी एक ओळ लिहिली नव्हती. चार दिवस खपून त्याने अर्धं पान लिहिलं. आमच्या घरातलं माणूस म्हणजे ही. छापखाना लिहिला, टेबल लिहिलं, तिने अक्षरं कशी सुलट करून दिली ते लिहिलं. शेवटी लिहिलं, "आता ती बोलत नाही. मला त्याची सवय झाली आहे." हे वाक्य त्याला बरं वाटलं. पोरांपुढे वाचायला शोभेलसं होतं.

दुपारी त्याने ते तिला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला बोट वर झालं.

म्हाताऱ्याने पट्टी लावून पाहिलं. शब्द सुटलेला नव्हता, ओळ चुकली नव्हती. त्याने पुन्हा वाचलं. पुन्हा बोट वर. "अगं, आहे बरोबर," तो म्हणाला. "तीनदा बघितलंय मी." त्याने तिसऱ्यांदा सावकाश वाचलं. बोट वर झालं ते खाली येईना. म्हातारीने डोळे उघडले होते आणि ती त्याच्याकडेच बघत होती, टेबलापलीकडून बघायची तशी, कधी एकदा याच्या ध्यानात येतंय म्हणून.

म्हाताऱ्याने पेन्सिल घेतली, वाक्य खोडलं. मग त्याने लिहिलं, "मला त्याची सवय झालेली नाही. रोज वाटतं, आज हाक मारील." ते त्याने तिला वाचून दाखवलं. बोट चादरीवरच राहिलं. मग तोच हात पुढे सरकला आणि त्याच्या मनगटावर येऊन थांबला.

गुरुवारी रीतीप्रमाणे त्याचं पान वाचायला दुसरं माणूस हवं होतं. आगगाडी उठली. या वेळी तिने एकही शब्द पदरचा घातला नाही, अगदी हळू, सुटं सुटं वाचलं. म्हातारा पट्टी धरून उभा होता, पण त्याचं लक्ष ओळीवर नव्हतं. तिचं वाचून झाल्यावर शंकासुर पान बघायला पुढे आला आणि म्हणाला, "आजोबा, शेवटी खाडाखोड आहे."

"असू दे," म्हातारा म्हणाला. "तिथेच तपासलंय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली दोन वर्षं सरली. वाचा आली नाही. म्हातारा रोज वाचत राहिला, आणि वाचून झालं की थोडं थांबत राहिला. म्हातारी पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला गेली.