आन्नाचा नवस

माझ्या बायकोच्या, आन्नाच्या पोटावरची ऑपरेशनची जखम महिना झाला तरी जिथल्या तिथे होती. गाठ काढून झाली होती. पण जखम भरल्याशिवाय केमो सुरू करता येणार नाही, आणि केमो फार लांबवूनही चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ड्रेसिंगला घरी येणारी नर्स शॅरन, इथे परदेशातही आमच्याच वसईची, दर सोमवारी जखम मोजायची.

"चार सेंटिमीटर. नो चेंज, अंकल. आँटी प्रोटीन घेतायत ना? व्हिटॅमिन सी म्हणजे सुतार. प्रोटीनचं लाकूडच नसेल तर तो काय करणार?"

"रोज दोन अंडी मी स्वतः उकडून देतो," मी म्हणालो. आन्ना खाली मान घालून संत्रं सोलत होती.

मंगळवारी सकाळी रॅकूनने आमचा कचऱ्याचा हिरवा डबा आडवा केला. ड्राइव्हवेच्या बर्फावर पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली माझी उकडलेली अंडी पडली होती. मी ती तशीच उचलून आन्नासमोर नेऊन ठेवली.

"नवस," ती म्हणाली. देवा, माझं एवढं ऐकलंस तर ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस मांस, मासे, अंडी, दूध शिवणार नाही, असं ती ऑपरेशनच्या सकाळी बोलली होती. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पाळत होती.

"आजाऱ्याला सूट असते. फादर दर वर्षी सांगतात."

"उपासाला असते. नवस मी बोललेय, फादर नाही."

"आणि मागितलंस काय?"

"मला तुमच्यानंतर जाऊ दे, एवढंच. तुम्हाला चहासुद्धा धड करता येत नाही."

मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"नवस घरातलं कुणीही फेडू शकतं," मी म्हणालो. "आजपासून माझा. पुरे चाळीस दिवस."

ती हसली. मासे नाहीत म्हणून ताटावरून उठणारा माणूस तिने एकेचाळीस वर्षं सांभाळला होता. "तुमच्याने आठवडा निघायचा नाही, कॉस्मस."

"मी मोडला तर तू पुन्हा धर."

फादरांना फोन लावला. ते चालेल म्हणाले, तेव्हा कुठे तिने अंडं तोंडात घातलं. मग ती खुर्चीवरून सांगायची आणि मी पापलेट तळायचो, आणि तिच्या समोर बसून डाळभात गिळायचो. ईस्टरला सगळ्या ओळखीच्या घरांत मटण शिजलं. मी डाळच खाल्ली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी शॅरन ओरडलीच, "आँटी, जस्ट वन सेंटिमीटर! पुढच्या वीकमध्ये केमोची डेट मिळेल."

दुपारी आन्नाने सवयीने पापलेटचं डोकं माझ्या ताटात ठेवलं. मी ते परत तिच्या ताटात ठेवलं. "अजून वीस दिवस," मी म्हणालो. तिने काटासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

मग मी चहा केला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "जमायला लागला हो तुम्हाला."

मला ते मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साखर घालायला विसरलो.