ढिल्या तारा

गॅरेजात सरावाला बसलेल्या तिहोमिरने सहाही तारा ढिल्या केल्या, एकदा छेडून पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

"ही गिटार आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

"घसा बसलाय रे," ल्युबिंको गळ्याभोवती मफलर गुंडाळत म्हणाला. "अजून अर्धा सूर खाली घे."

"गेल्या आठवड्यात अर्धा, आज पुन्हा अर्धा! कार्यक्रमाच्या दिवशी पाताळात बसून गाणार आहेस का?"

ल्युबिंकोने नुसतं खाकरून दाखवलं. तिहोमिरच्या कपाळाची शीर तडतडली. एके काळी या दोघांसाठी क्रागुयेवात्सपासून ल्युब्लियानापर्यंत सभागृहं भरायची. मग देश फुटला आणि निम्मे श्रोते सरहद्दींपलीकडे गेले. ल्युबिंकोने व्हिएन्नात ट्राम चालवली. तिहोमिरने लग्नांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या मागे उभं राहून, नाक मुठीत धरून गिटार वाजवली. आता गावाने दोघांना पुन्हा बोलावलं होतं, तिकिटं संपली होती, आणि नेमका आत्ताच या महाशयांचा घसा बसला होता!

तरी त्याने तारा आणखी ढिल्या केल्या आणि तो वाजवू लागला. गाण्याच्या शेवटी एकट्या गिटारचा लांबलचक तुकडा होता. लोक यायचे ते त्यासाठीच. तिथे सूर चढवायला तार बोटाने बाजूला ओढावी लागे, आणि गेला महिनाभर ती बोटाखालून निसटत होती. आज ती निमूटपणे हवी तेवढी ओढली गेली.

"नव्या तारा बऱ्या निघाल्या," तो पुटपुटला.

"हो, बऱ्या आहेत," ल्युबिंको दुसरीकडे बघत म्हणाला.

अंगणातून तिहोमिरच्या बायकोची, देसांकाची हाक आली. "ल्युबिंको, मिरच्या करपतायत! हात लाव जरा!"

ल्युबिंको गेला. सप्टेंबरातला भाजक्या लाल भोपळी मिरच्यांचा धूर गॅरेजात शिरला आणि त्यामागोमाग गाणं. सगळ्यांत उंच ओळ, अगदी मूळ पट्टीत. कुठे चिरकणं नाही, कुठे दम लागणं नाही.

"अरे, तुझा घसा बसलाय ना?" देसांकाचा आवाज.

"हळू, वहिनी! आत ऐकू जाईल."

"कळलं तर फाडून खाईल तुला."

"खाऊ दे. त्याची तार तरी ओढली जातेय ना?"

तिहोमिर ताडकन उठला. आज याची धडगत नाही, असं ठरवूनच तो दारापर्यंत गेला. कडी सुजलेल्या बोटांत धड बसेना. तो तसाच मागे फिरला, खुंट्या पिळून तारा पहिल्यासारख्या ताणल्या आणि तो तुकडा वाजवायला घेतला. पहिल्याच ओढीला कळ कोपरापर्यंत गेली. तार निसटली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा निसटली.

बराच वेळ तो डाव्या हाताकडे डोळे वटारून बघत राहिला, जणू ल्युबिंकोऐवजी आता त्यालाच शिव्या घालायच्या होत्या. मग चडफडत एकेक तार पुन्हा ढिली केली.

ल्युबिंको काळ्या बोटांनी आत आला आणि दारातच खोकला.

"कसा आहे घसा?" तिहोमिरने विचारलं.

"तसाच."

तिहोमिरने कोपऱ्यातल्या फ्रिजमधून बर्फासारखी थंड बिअर काढून त्याच्या हातात कोंबली.

"ही पी," तो करवादला. "कार्यक्रमापर्यंत घसा सुधारला, तर गाठ माझ्याशी आहे."