सात नावांची यादी

प्रमोदिनी हेडाऊ रक्तकेंद्रात पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते, आणि रामदासपेठेचा तो रस्ता मे महिन्याच्या उन्हाने आत्ताच पांढरा पडला होता. काउंटरपुढे पन्नाशीच्या आतबाहेरचा एक माणूस उभा होता. हातात बर्फाचा डबा, डब्यात रक्ताची नळी, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी. डोक्याचा दुपट्टा त्याने अजून सोडला नव्हता.

"नाव?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"माहं का पोरीचं? पोरीचं गुंजन. मी रुपराव. पारशिवनीकडचा."

गुंजन एकोणीस वर्षांची होती आणि तिला जन्मापासून सिकलसेल होता. वर्षाकाठी पाच-सहा पिशव्या रक्त, असं तिचं लहानपणापासून चाललेलं. इतक्या लोकांचं रक्त अंगात गेल्यावर शरीर कधीकधी उलटतं, तसं तिचं उलटलं होतं. नुसता रक्तगट जुळून आता भागत नव्हतं. गट जुळलेलं रक्तही तिच्या अंगात गेलं की फुटत होतं. तिला चालेल असं रक्त हजारात एकदोघांचं. परवापासून ती जवळच्याच एका दवाखान्यात होती आणि हिमोग्लोबिन साडेतीनवर आलं होतं.

अशा रुग्णांसाठीच केंद्राने अकरा वर्षं खपून एक यादी केली होती. शिबिरांत रक्त देणाऱ्या चार हजारांवर लोकांच्या रक्ताची बारीकसारीक तपासणी करून ठेवलेली. गुंजनच्या रक्तात काय चालत नाही ते संगणकाला सांगायचं, की चालणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर समोर. ही सगळी माहिती एका सर्व्हरवर होती, आणि तो सर्व्हर होता कन्हानला, केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या जुन्या इमारतीत. जागा फुकटची, म्हणून तो तिथेच राहिला. तिथे आता फक्त रविवारी शिबिर भरायचं. एरवी बाबाराव चौकीदार तेवढे असायचे. यादीची एक प्रत रामदासपेठेतही ठेवू द्या, असं प्रमोदिनीने ट्रस्टला दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा पुढच्या बैठकीत बघू, एवढंच उत्तर आलं.

साडेनऊला केंद्रातल्या डॉ. मयुरांनी आपल्या खोलीतून हाक मारली. "प्रमोदिनी, यादी उघडत नाहीये गं. सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणतोय."

"बघते डॉक्टर. पाच मिनिटं."

केंद्रातलं संगणकाचं सगळं काम प्रमोदिनी एकटी बघायची. तिने आधी सर्व्हर जागा आहे का ते विचारून पाहिलं. तो जागा होता. चार हाका, चार उत्तरं. म्हणजे वीज होती, लाइन होती, रस्ता मोकळा होता. पण डेटाबेस मात्र दार उघडायला तयार नव्हता. तिने पुन्हा करून बघितलं. उत्तर येत होतं, दार बंद होतं. दुरून सर्व्हरमध्ये शिरायची तिची नेहमीची वाटही तशीच, अर्ध्यात तुटलेली.

तिने कन्हानला फोन लावला.

"बाबाराव, सर्व्हर चालू आहे का, पाहा बरं."

"चालू हाय ताई. हिरवा लाइट लुकलुक करून राहिला."

"कॉम्प्युटरले कोणी हात तं नाही लावला? काही बदलवलं काय तिथं?"

"नाही जी. त्या खोलीत कोनी येतच नाही. चाबी माह्याजवळच राह्यते."

मग तिने एकेक गोष्ट हातात घेतली. इकडचा राउटर बंद करून चालू केला. वायर बदलली. सुरक्षेसाठी घातलेले नियम एकेक करून सैल केले, पुन्हा आवळले. लाइन पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने वीस मिनिटं गाणं ऐकवून सांगितलं, "आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय मॅडम," आणि एक तक्रार क्रमांक दिला.

अकराच्या सुमाराला डॉ. मयुरा तिच्या टेबलाशी आल्या. हातमोजे तसेच होते. यादी मिळेपर्यंत थांबून उपयोग नाही म्हणून त्या फ्रिजमधल्या पिशव्या एकेक करून गुंजनच्या रक्ताशी ताडून बघत होत्या. बारा झाल्या होत्या. बारातली एकही जुळली नव्हती.

"तू सरळ कन्हानला जाऊन येतेस का? तिथे सर्व्हरपुढे बसलीस तर दिसेल ना यादी?"

"दिसेल. पण जाण्यायेण्यात दोन तास जातील डॉक्टर. मी जवळ आलेय. अर्ध्या तासात होईल."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. उमरेडला तिचे वडील बाबनराव मागावर बसायचे, तेव्हा तुटलेला धागा सापडल्याशिवाय जेवायलाही उठत नसत. आई ताट झाकून ठेवायची. घरातला माग जाऊन वीस वर्षं झाली, पण तो हट्ट प्रमोदिनीच्या अंगात उतरला होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. अर्धवट टाकून उठणं तिला जमत नसे.

रुपराव बाकावर बसला नव्हता. तो काचेच्या दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. मग हळूच आत आला.

"मॅडम, ते कन्हानले हाय म्हनते ना यादी? कन्हान माह्या वाटेवरच हाय. खाली गाडी हाय माही. काय आनाचं ते सांगा, मी घेऊन येतो."

"तसं नाही आणता येत भाऊ. ते कागदावर नाही. पासवर्ड लागतो, बरंच काही लागतं. होईल इथूनच. तुम्ही बसा."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

बाराला तिने बाबारावांना सर्व्हर बंद करून चालू करायला सांगितलं. सव्वाबाराला यादीचा पडदा उघडला. प्रमोदिनीच्या तोंडून "आलं!" असं एवढ्या जोरात निघालं की डॉ. मयुरा धावत आल्या. गुंजनच्या रक्ताला न चालणाऱ्या गोष्टी तिने भराभर भरल्या आणि शोधायचं बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग तीच ओळ: सर्व्हरशी संपर्क होत नाही.

खरं म्हणजे तिने तेव्हाच उठायला हवं होतं. पण त्या दोन मिनिटांनीच तिला खुर्चीला बांधून टाकलं. एकदा आलंय म्हणजे पुन्हा येईल. तिने बाबारावांकडून सर्व्हर आणखी दोनदा बंद-चालू करवला. दोन्ही वेळा दार उघडलं आणि यादी हाती लागायच्या आत मिटलं. दीड वाजला, दोन वाजले. डबा उघडायचा राहून गेला. दाराशी रुपराव आता जमिनीवर उकिडवा बसला होता. त्याच्या फोनवर दर थोड्या वेळाने बायकोचा फोन येत होता आणि तो दर वेळी तेच सांगत होता, "करून राहिले वं. मशीन बिघडली हाय. करून राहिले."

दोन वीसला डॉ. मयुरा आल्या त्या टेबलाशी थांबल्याच नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "एकतीस पिशव्या झाल्या. एकही नाही. आणि दवाखान्यातून फोन आला होता, पोरीचं दोन पॉइंट सहा आहे. प्रमोदिनी, ऊठ आता."

ती उठली. रुपरावही उठला. दोघं खाली गेले, त्याने किक मारली आणि ती मागे बसली.

कामठीचा रस्ता त्या वेळी भट्टीसारखा तापलेला होता. रुपरावने सिग्नलला आपला दुपट्टा सोडून मागे तिच्याकडे दिला. "तोंडाले बांधून घ्या मॅडम. ऊन लागन." त्याचं डोकं मग उघडंच राहिलं. कन्हानच्या पुलावर ट्रकांची रांग होती. त्याने गाडी कडेकडेने, खडीतून काढली. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला.

"तिथं नावं भेटतीन ना नक्की?"

"भेटतील," ती म्हणाली.

तीन पंचवीसला ती सर्व्हरपुढे बसली. पासवर्ड टाकला. डेटाबेस ठणठणीत होता, त्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. तिने शोधलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत नावं समोर आली. सात. सकाळपासून ती तिथेच होती.

तिने डॉ. मयुरांना फोन लावून सातही नावं, नंबर वाचून दाखवले. दोनदा. मग बाहेर येऊन रुपरावला म्हणाली, "सात जण आहेत. डॉक्टर फोन लावताहेत."

"सात!" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिला बघवलं नाही. "मंग मी जाऊ का पोरीपाशी? तुमी कशा येसान?"

"माझं मी बघते. तुम्ही निघा."

तो गेल्यावर ती परत आत आली. बिघाड तर शोधायलाच हवा होता. तिने सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटून हातात धरली आणि आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरच्या पत्त्यावर हाक मारली. वायर तिच्या हातात, आणि उत्तर आलं. चार हाका, चार उत्तरं. म्हणजे त्या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी बसलं होतं.

"बाबाराव, इथं काही नवीन मशीन लावली काय कोणी?"

"मशीन नाही जी. ते कॅमेरे तेवढे लावून गेले पोट्टे काल सांजेले. गेटवरचे. त्याचा डबा माह्या खोलीत हाय."

"मी सकाळी विचारलं ना तुमाले, काही बदलवलं काय म्हणून?"

बाबाराव गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "तुमी तं कॉम्प्युटरचं इचारलं होतं ताई."

कॅमेऱ्याच्या डब्याला लावणाऱ्याने नेमका सर्व्हरचाच नेटवर्कवरचा पत्ता दिला होता. बाहेरून येणारी हाक कधी सर्व्हरकडे जात होती, बहुतेक वेळा डब्याकडे, आणि डब्याला डेटाबेस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिने डब्याची वायर काढली. रामदासपेठेत सगळं सुरळीत झालं. तीन मिनिटांचं काम होतं. सर्व्हरची वायर क्षणभर काढायला ती बाबारावांना सकाळी दहालाही सांगू शकली असती, आणि तरी उत्तर येतं का ते बघू शकली असती. तिला ते सुचलं नव्हतं.

ऑटोने आणि मग बसने ती परतली तेव्हा साडेपाच होत आले होते. सात जणांपैकी दोघांचे नंबर बंद होते. एक सुरतला होता. एकाला कावीळ होऊन गेली होती, एकाने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं, आणि एकाच्या घरून सांगितलं की तो मागच्या दिवाळीत गेला. सातवी काजल. हिंगण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. फोन आल्या आल्या निघाली होती आणि आत्ता खुर्चीत हात लांबवून बसली होती. पिशवी भरत होती. काजल प्रमोदिनीकडे बघून हसली. "दुपारी माझा हाफ डे होता मॅडम. घरीच होते, धंतोलीत. तेव्हा फोन आला असता तर चालत आले असते. तीनला पुन्हा कामासाठी बोलावलं म्हणून गेले."

पिशवीच्या तपासण्यांना अडीच तास लागतात. डॉ. मयुरांनी त्या स्वतः लावल्या, यंत्रापुढून हलल्या नाहीत. सहा पन्नासला दवाखान्यातून फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. तपासणी त्यांनी तरीही पूर्ण केली. रक्त स्वच्छ होतं, गुंजनच्या रक्ताशी जुळत होतं. त्यांनी तसं पिशवीवर लिहिलं.

नंतर प्रमोदिनीने त्यांना एकदा विचारलं. मी अकराला निघाले असते तर वाचली असती का?

डॉ. मयुरांनी हातमोजे काढून ठेवले. "मला माहीत नाही. त्या अवस्थेत एका पिशवीने कधी होतं, कधी नाही. हो म्हणता येत नाही मला. आणि नाही म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं."

प्रमोदिनीने ट्रस्टला अहवाल दिला. त्यात वेळा लिहिल्या होत्या, अकराची, सव्वाबाराची, दोन वीसची. सचिवांनी वेळांचा परिच्छेद काढला आणि त्या जागी 'तांत्रिक कारणाने सेवा काही तास विस्कळीत' असं घातलं. यादीची प्रत आता रोज रामदासपेठेत यायला लागली. तेवढं त्यांनी एका बैठकीत मंजूर केलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी रुपराव आला. गुंजनचं केंद्रातलं कार्ड परत करायचं होतं, आणि तिच्यासाठी दिलेल्या रक्ताचा एक दाखला पाहिजे होता. डोकं भादरलेलं, वर पांढरी टोपी. प्रमोदिनीने दाखला स्वतः छापून दिला. तो निघाला तेव्हा ती त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. पंधरा दिवस ती नीट झोपली नव्हती, आणि तिला वाटत होतं की या माणसाला खरं कळायलाच हवं, तो त्याचा हक्क आहे.

"रुपरावभाऊ, एक सांगायचं होतं. ती यादी... मला सकाळीच कन्हानला जाता आलं असतं. डॉक्टर म्हणाल्याही होत्या. मीच नाही गेले. मला वाटलं इथूनच होईल. आणि ती जी मुलगी रक्त द्यायला आली, ती दुपारी इथंच होती, धंतोलीत."

रुपराव जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला. त्याने दाखल्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"मले तं सांगतलं होतं सगळ्यायनं, की तिचं तेवढंच होतं म्हनून," तो म्हणाला. "तिच्या मायलेही मी तेच सांगतलं. देवाची मर्जी. आत्ता कुठं ती दोन घास खाऊन राहिली."

त्याने मान वर करून प्रमोदिनीकडे पाहिलं.

"तुमी मले हे काहून सांगून राहिल्या मॅडम? हे घेऊन मी आता घरी कसा जाऊ?"

आवाज चढलेला नव्हता. तो खरोखरच विचारत होता, आणि उत्तरासाठी थांबलाही. वरून काउंटरवरच्या बाईंनी पुढच्याचं नाव पुकारलं. कोणीतरी दोघांच्या मधून, बर्फाचा डबा सांभाळत, जिना चढून वर गेलं. रुपरावने दाखला खिशात घातला, कठड्याला हात लावला आणि एकेक पायरी बघत खाली उतरला. ती वरच उभी राहिली. खाली गाडी सुरू होईना. त्याने सहा-सात वेळा किक मारली, मग ढकलत रस्त्याच्या कडेला नेली, आणि उन्हात तशीच ढकलत पुढे गेला.