बिल्ल्याचे बारा खडस

"साठ खडस सापडले, त्यात बिल्ल्याचे दोनच. म्हणजे तिसांत एक," माशांची मोजणी करणारी सई फळ्यावर लिहिता लिहिता अधिकाऱ्यांना सांगत होती. "बिल्ले आपण शंभर माशांना लावून सोडले होते. म्हणजे नदीत खडस झाले तीन हजार! बिल्लेवाले जितके कमी सापडतील, तितके एकूण मासे जास्त."

"मग वरच्या अंगाला जाळीबंदी कशाला हवी?" साहेब हसले. टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेत नाथसागराकाठचा कडुबा भोई मात्र खुर्चीला खिळला. अरे देवा, हे काय करून बसलो आपण!

मोजणीचं जाळं त्यानेच टाकलं होतं. पावसाळ्यात धार चढून वर जाणारा हा मासा आता मोजकाच उरलाय. पकडायचा, सांगायचा, सोडून द्यायचा, एवढंच सईने बजावलं होतं. पण नेमके त्याच आठवड्यात करमाडचे पाहुणे रूपाला बघायला आले. पोरीचं स्थळ! त्यांच्यापुढे वाढायचं काय? मग त्याने मनाची समजूत घातली. बिनबिल्ल्याचा एकही मारायचा नाही. बिल्ल्याचे तर ताईंनी आधीच मोजलेत, मोजलेल्यांची पुन्हा काय मोजणी? असे बारा काढले आणि सांगितले नाहीत. बिल्ले तेवढे सरकारी वस्तू म्हणून रुमालात बांधून आज परत द्यायला आणले होते. शहाणाच की नाही!

"कडुबाकाका, पुढं या. ही शाल तुमची," सईने हाक मारली.

तो गेला. शाल खांद्यावर पडली आणि अंगाला चटका बसावा तशी त्याने ती काढली.

"नको ताई." त्याने टेबलावर पुरचुंडी सोडली. "बारा मीच मारले. पाव्हण्यांना घातले. मला वाटलं, मोजलेलेच हायेत."

"चव कशी होती हो?" मागून कुणीतरी विचारलं. सभागृह खदखदलं. कडुबाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सई हसली नाही, रागावलीही नाही. तिने बिल्ले एकेक करून मोजले आणि फळा पुसला. बहात्तरांत चौदा.

"पाचशे चौदा," ती म्हणाली. साहेबांनी बाजूला सारलेला जाळीबंदीचा कागद पुन्हा ओढून घेतला.

बसस्थानकावर फोन वाजला. करमाडचे पाहुणे होते.

"काय कडुबा पाव्हणं, रविवारी येतो बोलणी पक्की करायला. मागल्यावानी खडस होऊ द्या! लई झ्याक झालं होतं."

स्थळ हातचं जाईल की काय, असं त्याला क्षणभर वाटलं.

"या की. पण पिठलं-भाकरीला या," तो म्हणाला. "मागल्या बारीला तुम्ही जे खाल्लं ना, ते आमच्या घरचं नव्हतं."